अकरा वाजून सत्तावीस मिनिटं

रेड हॅटची आरएचसीएसए ही लिनक्स प्रशासनाची परीक्षा यंत्रासमोर बसून द्यावी लागते. पर्यायांवर खूण करायचा प्रकार तिच्यात नाही. कामांची यादी मिळते, इंटरनेट मिळत नाही, सोबतीला त्या यंत्रातली मॅन पेजेस तेवढी असतात. अडीच-तीन तासांत कामं पुरी करायची आणि यंत्र रीबूट झाल्यावरही ती टिकलेली दिसली पाहिजेत. ३०० पैकी २१० गुण मिळाले की पास. पुण्यात, ठाण्यात, नागपुरात कितीतरी मुलंमुली या परीक्षेची तयारी करतात आणि त्यातली बरीचशी कमांड पाठ करत बसतात.

तयारीसाठी काय वाचू, असं ज्यांनी विचारलं त्यांना मी कुठल्याही गाइडच्या आधी एका रात्रीचा घटनाक्रम वाचायला सांगतो. तारीख ३१ जानेवारी २०१७. ठिकाण गिटलॅब डॉट कॉम, जिथे जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड आणि त्यावरच्या चर्चा ठेवतात. त्या रात्री कंपनीच्याच एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. कंपनीने ते दडपलं नाही. काय चाललंय याच्या नोंदी कुणालाही वाचता येतील अशा दस्तऐवजात टाकल्या, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं आणि १० फेब्रुवारीला सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. अहवालाने सगळा दोष एका माणसाच्या माथी मारला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तसं झालं असतं तर त्या रात्रीतून कुणालाच काही शिकता आलं नसतं.

खालच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या आहेत. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे रात्री अकराला दहा मिनिटं कमी असताना हे सुरू झालं आणि पहाटे पाचला तीन मिनिटं कमी असताना व्हायचं ते होऊन गेलं.

संध्याकाळी ५.२० : सहा तास सात मिनिटं आधी

गिटलॅबचा सगळा डेटाबेस तेव्हा एका मुख्य यंत्रावर होता. त्याला डीबी-१ म्हणू. शेजारी डीबी-२, त्यावर डीबी-१ची सतत ताजी होत राहणारी प्रत. दोन्हीकडे पोस्टग्रेएसक्यूएल. भार अनेक यंत्रांवर वाटून देण्याचा एक प्रयोग करायचा होता. तो आधी चाचणीच्या यंत्रणेवर करून बघायचा, तर तिथे खरा, ताजा डेटा हवा. म्हणून एका अभियंत्याने मुख्य डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट काढला. असे स्नॅपशॉट दर चोवीस तासांनी आपोआप निघत. हा त्याने हाताने काढला, कामाच्या सोयीसाठी. बॅकअप म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

एलव्हीएम आरएचसीएसएच्या अभ्यासक्रमात आहे. फिजिकल व्हॉल्यूम, व्हॉल्यूम ग्रुप, लॉजिकल व्हॉल्यूम हे तिन्ही बनवणं आणि वाढवणं सगळे घोटून जातात. स्नॅपशॉट काढणंही एका कमांडचं काम आहे. पुढची पायरी मात्र बहुतेकांनी कधी केलेली नसते. स्नॅपशॉट माउंट करा आणि आत शिरून फाइल उघडून बघा. रेड हॅटच्या यंत्रांवर फाइलसिस्टिम बहुधा एक्सएफएस असते. मूळ व्हॉल्यूम चालू असताना त्याचाच स्नॅपशॉट माउंट करायला गेलात तर यंत्र नकार देतं, कारण दोघांचा यूयूआयडी एकच असतो. 'नोयूयूआयडी' हा पर्याय द्यावा लागतो. पुस्तकात ही ओळ कितीदाही वाचली तरी नेमक्या वेळी आठवत नाही. एकदा नकार मिळाला, मॅन पेज उलगडून उत्तर सापडलं, की ती विसरली जात नाही.

संध्याकाळी ७ च्या सुमारास : साडेचार तास आधी

डेटाबेसवरचा भार चढू लागला. स्पॅमर मंडळी छोटे छोटे मजकूर तयार करून साइटवर ओतत होती. लोकांना चर्चेत प्रतिक्रिया लिहिता येईना. नंतर कळलं की भाराचं आणखी एक कारण घरातलंच होतं. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कुणीतरी गैरवापराची तक्रार नोंदवली होती आणि ते खातं चुकून काढून टाकण्याच्या रांगेत गेलं होतं. त्या खात्याशी जोडलेला सगळा डेटा मागच्या मागे पुसण्याचं काम डेटाबेसला जुंपलेलं होतं.

परीक्षेच्या तयारीत 'टॉप' ही कमांड सगळ्यांना येते. कुठली प्रोसेस किती सीपीयू खाते ते दिसतं, आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. भार कुणामुळे, हे शोधायचं तर त्या प्रोसेसच्या पोटात जावं लागतं. पोस्टग्रेमध्ये चालू क्वेऱ्यांची यादी बघता येते, लिनक्समध्ये 'व्हीएमस्टॅट' आणि 'आयओस्टॅट' आहेत. कारण ठाऊक नसताना लक्षणांवर उपाय करत राहिलं की तास जातात. त्या रात्री भार ताब्यात यायला कित्येक तास लागले.

रात्री ९ : अडीच तास आधी

डेटाबेसमध्ये लिहिणंच अडलं आणि साइट बंद पडली. अभियंत्यांनी स्पॅमरांचे आयपी अडवले. एका वापरकर्त्याचं खातं काढलं, कारण त्या एका खात्यातून तब्बल ४७,००० आयपी पत्त्यांवरून लॉगिन होत होतं. उपाय बरोबर होते, ते करणारी माणसं जाणती होती. त्या रात्री अडाणी असं कुणीच नव्हतं, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

रात्री १० ते ११ : दीड तास आणि त्याहून कमी

त्या रात्रीच्या कच्च्या नोंदींत ही वेळ दहाची आहे, नंतरच्या अहवालात अकराची. गडबडीत लिहिलेल्या नोंदी अशाच असतात. घडलं ते असं.

डीबी-१ मध्ये होणारा प्रत्येक बदल आधी 'वॉल' नावाच्या फायलींत लिहिला जातो आणि त्या फायली वाचून डीबी-२ आपली प्रत ताजी ठेवतं. लिखाण इतकं वाढलं की डीबी-२ मागे पडलं, सुमारे ४ जीबी मागे. तोवर डीबी-१ने जागा मोकळी करायला जुन्या वॉल फायली काढून टाकल्या होत्या. त्या फायली दुसरीकडे जपून ठेवायची सोय केलेली नव्हती. आता डीबी-२ला मधला दुवा मिळणं शक्य नव्हतं. एकच मार्ग उरला : डीबी-२ वरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची आणि 'पीजी बेसबॅकअप' या कमांडने डीबी-१ वरून सगळं नव्याने आणायचं.

डीबी-२ची डिरेक्टरी रिकामी केली गेली. ही कृती नेहमीच्या रीतीला धरून होती. पण त्या क्षणापासून गिटलॅबच्या चालू डेटाबेसची जिवंत प्रत जगात एकच उरली. माझ्या मते दुर्घटनेच्या वाटेवरचं सगळ्यात मोठं पाऊल हेच होतं, आणि ते पडलं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. त्या वेळी कुणी नुसतं मोठ्याने म्हटलं असतं, "आता आपल्याकडे एकच प्रत आहे," तर पुढच्या तासाभराचा वेग बदलला असता.

सराव करणाऱ्यांनी इथे एक सवय लावून घ्यावी. डिरेक्टरी पुसण्याऐवजी तिचं नाव बदलावं, 'डेटा' ची 'डेटा-जुनी' करावी, आणि नवी प्रत उभी राहून तपासून झाल्यावर मगच जुनी काढावी. डिस्कवर तेवढी जागा हवी हे खरं. पण जागा नसेल तर ती आधी मिळवावी लागेल, हेही सरावातच कळतं.

पुढे बेसबॅकअप चालेना. जोडणी मिळत नाही, असा संदेश आला. डीबी-१ एका वेळी किती जणांना प्रती पाठवेल याची मर्यादा ३ होती. अभियंत्यांनी ती ३२ केली. ही सेटिंग लागू व्हायला पोस्टग्रे बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. ते सुरूच होईना. सेमाफोर फार होत आहेत, अशी तक्रार. शोध घेता दिसलं की जास्तीत जास्त जोडण्यांची सेटिंग ८००० ठेवलेली आहे. ती जवळजवळ वर्षभर तशीच होती आणि काही बिघडलं नव्हतं. ती २००० केली, पोस्टग्रे सुरू झालं.

आरएचसीएसएमध्ये रीबूटनंतर टिकणारं कामच गुणांना पात्र का ठरतं, याचं उत्तर इथे आहे. चालू यंत्रावर एखादी गोष्ट चालताना दिसते, तेवढ्याने ती उद्या सकाळी सुरू होईलच असं नसतं. 'एफएसटॅब' मध्ये एक अक्षर चुकलं तरी यंत्र दिवसभर सुरळीत चालतं आणि पुढच्या रीबूटला आणीबाणीच्या मोडमध्ये जाऊन बसतं. म्हणून सरावात प्रत्येक कामानंतर रीबूट करावं. कंटाळा येतो, वेळ जातो, तरी करावं. आठ हजारांचा आकडा वर्षभरात कुणी एकदा, निवांत दुपारी, पोस्टग्रे बंद-चालू करून तपासला असता तर तो त्या रात्री आडवा आला नसता.

अभियंत्यांपैकी एकजण त्याआधी म्हणाला होता की आता उशीर झाला, मी निघतो. त्याच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजत आले होते. प्रतीचं प्रकरण उद्भवलं म्हणून तो थांबला. आपल्या नोंदींतच त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की या टप्प्याला वैताग यायला लागला होता. एखाद्या कंपनीने असं वाक्य उघड नोंदीत राहू द्यावं याचा मला आदर वाटतो.

११ ते ११.२५ : गप्प बसलेली कमांड

आता जोडणीची तक्रार नव्हती. बेसबॅकअप सुरू झालं आणि काहीच बोलेना. सविस्तर माहिती दे, असा पर्याय देऊनही पडद्यावर अक्षर उमटेना.

या वीस-पंचवीस मिनिटांवर मला थांबायचं आहे, कारण तयारी करणाऱ्याची खरी परीक्षा इथे आहे. चूक सांगणारी कमांड त्या मानाने सोपी. संदेश वाचायचा, मॅन पेज बघायचं, दुरुस्ती करायची. गप्प बसलेल्या कमांडसमोर माणूस अस्वस्थ होतो आणि हात काहीतरी करायला शिवशिवतात.

एका अभियंत्याने 'एसट्रेस' लावलं. प्रोसेस लिनक्सच्या कर्नलकडे काय काय मागते ते या साधनाने ओळीओळीने दिसतं. त्यात दिसलं की बेसबॅकअप 'पोल' या कॉलवर थांबलेलं आहे. यातून काही अर्थबोध झाला नाही, असं अहवाल म्हणतो.

रात्री अकरा वाजता, चार तासांच्या झटापटीनंतर, त्या जागी बसलेल्या कुणालाही हे जमलं नसतं कदाचित. पण 'पोल' काहीतरी सांगत होतं. ज्याने सरावात पंचवीस-तीस प्रोसेसना एसट्रेस लावून पाहिलं आहे, त्याला माहीत असतं की 'पोल' मध्ये थांबलेली प्रोसेस गोंधळलेली नसते. ती एखाद्या सॉकेटकडे डोळे लावून बसलेली असते, पलीकडून काही येतंय का म्हणून. मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो : पलीकडे कोण आहे आणि ते काय करतंय? 'एसएस' कमांडने जोडणी कुठल्या यंत्राशी आहे ते कळतं. डीबी-१ वर जाऊन, काहीही न बदलता, चालू प्रोसेसांची यादी बघता येते. तिथे प्रत पाठवणारी प्रोसेस दिसली असती.

दुसऱ्या एका अभियंत्याला, जो त्या वेळी हजर नव्हता, उत्तर ठाऊक होतं. बेसबॅकअप मुख्य यंत्राकडून डेटा यायला सुरुवात होईपर्यंत मुकाट्याने थांबतं, हेच त्याचं नेहमीचं वागणं आहे. प्रत सुरू करण्याआधी डीबी-१ला एक चेकपॉइंट पुरा करावा लागतो, आणि वेगळं सांगितलं नसेल तर तो सावकाश, भार न वाढवता केला जातो. चाळीतली पाण्याची मोटर सुरू केल्यावर वरच्या टाकीत धार पडायला वेळ लागतो. तेवढ्यात मोटर बिघडली समजून कुणी ती खोलायला घेत नाही, कारण रोजची सवय असते. बेसबॅकअपची तशी सवय त्या रात्री तिथे कुणाला नव्हती, आणि कंपनीच्या कार्यपुस्तिकेत किंवा पोस्टग्रेच्या दस्तऐवजातही हे नीट लिहिलेलं नव्हतं. आजच्या आवृत्त्यांत हीच कमांड सविस्तर पर्यायासह चालवली तर चेकपॉइंट पुरा होण्याची वाट पाहत आहे, अशी ओळ पडद्यावर येते.

वाट पाहणं येणं ही प्रशासकाची कमाई आहे, आणि ती कमांड पाठ करून येत नाही. दोन आभासी यंत्रं घ्या, पोस्टग्रे टाका, एकावरून दुसऱ्याची प्रत बनवा. मग मुख्य यंत्रावर मुद्दाम लिखाणाचा भार टाका आणि पुन्हा प्रत बनवायला घ्या. कमांड गप्प बसेल. हात बांधून बसा. कुठलीही गोष्ट न बदलता, फक्त बघून, ती का गप्प आहे हे शोधा. हा सराव दोन-चार वेळा केलेल्या माणसाला मी कुठल्याही पाठांतरवाल्याच्या वर ठेवीन.

११.२७ : शून्य

अभियंत्याला वाटलं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत डिरेक्टरीत काही फायली राहून गेल्या असतील आणि कमांडला डिरेक्टरी पूर्ण रिकामी हवी असेल. असं असतं तर कमांडने एरवी तसा संदेश दिला असता. पण तोवर कशाचीच खात्री वाटेनाशी झाली होती. त्याने डेटा डिरेक्टरी पुसायची कमांड दिली.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की समोरचं यंत्र डीबी-२ नसून डीबी-१ आहे. त्याने कमांड तोडली. सुमारे ३१० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

दोन टर्मिनल, जवळजवळ सारखी नावं, एका अंकाचा फरक. पुढे गिटलॅबने यंत्रांच्या प्रॉम्प्टना रंग द्यायचं ठरवलं : चालू यंत्रांना एक रंग, चाचणीच्या यंत्रांना दुसरा. उपाय साधा आहे आणि घरच्या सरावातही पहिल्या दिवशी करावा. परीक्षेतही एकाहून अधिक यंत्रं असू शकतात आणि बरोबर काम चुकीच्या यंत्रावर केलं तर गुण मिळत नाहीत. पुसणारी किंवा डिस्क बदलणारी कुठलीही कमांड देण्याआधी 'होस्टनेम' टाइप करून एंटर दाबायचं, नाव मोठ्याने वाचायचं, मग पुढे जायचं. इतकं यांत्रिक करून टाकावं की थकलेलं डोकंही ते करेल.

आणखी एक सराव याच ठिकाणी सांगावासा वाटतो. लिनक्समध्ये एखाद्या चालू प्रोसेसने उघडून धरलेली फाइल पुसली, तर तिचं नाव जातं पण मजकूर लगेच जात नाही. 'एलएसओएफ' ने ती सापडते आणि 'प्रॉक' खालून तिची प्रत काढता येते, मात्र ती प्रोसेस जिवंत ठेवावी लागते. हजारो फायलींच्या डेटाबेसला हा पुरा उतारा नव्हे. तरीही प्रत्येक उमेदवाराने एकदा मुद्दाम उघडी लॉग फाइल पुसावी आणि ती परत मिळवावी. पुसल्यावर पहिल्या मिनिटात घाबरून सगळं बंद करायचं नसतं, हे बोटांना कळतं.

मध्यरात्रीनंतर : एकेक दार

गिटलॅबकडे बॅकअपच्या अनेक योजना होत्या. ती रात्र त्या एकेक उघडून बघण्यात गेली.

रोजचा डेटाबेस डंप ॲमेझॉनच्या एस३ साठवणुकीत जात असे. ती साठवणूक रिकामी निघाली. डेटाबेस पोस्टग्रे ९.६ वर होता आणि डंप काढणारी आज्ञावली ९.२ ची चालत होती. जुनी डंप आज्ञावली नव्या सर्व्हरचा डंप काढायला नकार देते. रोज नकार मिळत होता. क्रॉनने त्याचे ईमेलही पाठवले होते. पण त्या ईमेलवर डीमार्क या ईमेल-पडताळणीसाठी लागणारी सही नव्हती, म्हणून घेणाऱ्या सर्व्हरने ते परत लावले. बॅकअप फसत होते आणि फसल्याची खबरही वाटेतच मरत होती.

अझ्युअर या क्लाउड सेवेच्या डिस्क स्नॅपशॉटची सोय फाइल सर्व्हरांसाठी चालू होती, डेटाबेस सर्व्हरांसाठी नव्हती. डीबी-२ची प्रत तासाभरापूर्वी हाताने रिकामी केलेली. उरला तो संध्याकाळी ५.२० चा स्नॅपशॉट, जो एका माणसाने आपल्या सोयीसाठी काढला होता. तो नसता तर मागचा आपोआप निघालेला, त्याहून कितीतरी तास जुना वापरावा लागला असता.

हा भाग वाचताना मला दर वेळी राग येतो. तो माणसांवर नसतो. बॅकअप 'घेणं' शिकवणाऱ्या आणि परत उतरवून दाखवायला न सांगणाऱ्या शिकवण्याच्या पद्धतीवर असतो. क्लासमध्ये 'टार' शिकवतात, 'आरसिंक' शिकवतात, क्रॉनची पाच खणांची ओळ घोटून घेतात. क्रॉनचं काम फसलं तर ते कुणाला कळणार, हा प्रश्न पाठ्यक्रमात कुठे येतो? सरावाच्या यंत्रावर क्रॉनचा बॅकअप लावा आणि एखाद्या मित्राला तुमच्या नकळत तो मोडायला सांगा : डिस्क भरू दे, फाइलची परवानगी काढू दे, एसइलिनक्सचं लेबल बदलू दे. किती दिवसांनी तुमच्या लक्षात येतं ते बघा.

१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६ : साडेअठरा तासांनंतर

स्नॅपशॉट चाचणीच्या यंत्रणेवर होता आणि तिथल्या डिस्क संथ होत्या. कॉपीचा वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास अडकला. सगळं जग पाहत होतं आणि करण्यासारखं फारसं काही नव्हतं. बॅकअप असणं आणि तो वेळेत परत येणं यांतलं अंतर त्या तासांत दिसलं. पाचला डेटाबेस जागेवर आला, सहाला साइट उघडली. जुने क्रमांक चुकून पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून सगळ्या क्रमांकमालिका एक लाखाने पुढे सरकवल्या गेल्या. आयत्या वेळी हे सुचणारं डोकं तयारीचं होतं.

संध्याकाळी ५.२० ते मध्यरात्र या काळातले डेटाबेसमधले बदल गेले ते गेलेच. कंपनीच्या अंदाजानुसार सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० नवे वापरकर्ते. कोड आणि विकी डेटाबेसबाहेर असल्याने शाबूत राहिले. पुढच्या काळात स्नॅपशॉट तासातासाने निघू लागले आणि बॅकअप उतरवून बघण्याची चाचणी आपोआप होईल अशी व्यवस्था उभारली गेली.

सरावासाठी मोठा खर्च लागत नाही. रेड हॅटची विकसकांसाठीची सदस्यता व्यक्तीला मोफत मिळते आणि तिच्यावर सोळापर्यंत यंत्रं चालवता येतात. रॉकी किंवा अल्मा लिनक्सही चालेल. आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर दोन छोटी आभासी यंत्रं आरामात बसतात. त्यांना डीबी-१ आणि डीबी-२ हीच नावं द्या.

परीक्षेची फी भरण्याआधी माझी एवढीच विनंती आहे. तुमच्याकडे जो सर्वांत ताजा बॅकअप आहे तो घ्या, एका कोऱ्या यंत्रावर उतरवा, सेवा सुरू करा, रीबूट करा, पुन्हा तपासा. किती वेळ लागला ते कागदावर लिहा. तारीख त्यानंतर ठरवा.